कोल्हापूरचे विष्णुपंत नारळीकर

जयंत नारळीकर हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांविषयी मात्र मुलांना फारसे सांगितले जात नाही, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ चा, कोल्हापूरचा. म्हणजे आम्हा निपाणीकरांच्या शेजारचाच. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, रँग्लर झाले, रॅले पारितोषिक मिळवले. पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावले आणि १९३२ साली ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. वय जेमतेम चोविशीचे.

तिथे २८ वर्षे त्यांनी आईन्स्टाईनचा व्यापक सापेक्षतावाद शिकवला. जगभरचे हुशार विद्यार्थी तेव्हा अणूच्या मागे होते. गुरुत्वाकर्षणाच्या या समीकरणांतले प्रयोगाने पडताळता येईल असे फारच थोडे होते. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर, मुदत केव्हा पुरी होईल हे कोणालाच ठाऊक नसलेली ठेव.

तरीही विद्यार्थी आले. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन बनारसला पोचला. नोकरी नव्हती, गाठीच्या शिलकीवर दहाएक महिने काढले. हे धाडस आमच्याच्याने झाले नसते! प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण कसे मांडायचे, हा प्रश्न नारळीकरांनी त्याला दिला. १९४३ साली सापडलेले ते उत्तर 'वैद्य मेट्रिक' या नावाने कृष्णविवरांच्या अभ्यासात आजही वापरतात.

१९६० नंतर विष्णुपंत राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे पुणे विद्यापीठात शिकवले. १९९१ साली ते गेले.

त्यानंतर २४ वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. एक सूर्याच्या ३६ पट, दुसरे २९ पट वजनाचे. एकरूप झाल्यावर उरले ६२ पट. बाकी सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान गुरुत्वीय लहरी होऊन विश्वात पसरले. त्या लहरींनी यंत्राच्या चार किलोमीटर लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या जाडीहूनही कितीतरी पटींनी कमी होता. समीकरणे तीच, बनारसच्या फळ्यावरची.

त्या शोधात पुण्याच्या आयुकातील शास्त्रज्ञांचाही वाटा होता. आयुकाचे पहिले संचालक जयंतराव. आता तसेच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचे आहे, २०२३ साली केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी मुलांना ती जागाही दाखवावी.