मुकुट उतरवला, गादी सुटली नाही : स्नूकरसम्राट जो डेव्हिस

दर वर्षी जानेवारीत लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये 'मास्टर्स' ही व्यावसायिक स्नूकरची निमंत्रितांची स्पर्धा भरते. तिला पात्रता-फेऱ्या नसतात. जागतिक क्रमवारीतील पहिल्या १६ खेळाडूंना निमंत्रण जाते आणि तेवढेच खेळतात. कोणाला बोलवायचे हे क्रमवारीचा तक्ता ठरवतो, कोणी व्यक्ती नव्हे. पाऊण शतकापूर्वीचे चित्र वेगळे होते. तेव्हाही या खेळातील सर्वांत मोलाची स्पर्धा निमंत्रितांचीच होती, परंतु तिच्या केंद्रस्थानी एकच माणूस उभा होता. त्या माणसाने हा खेळ घडवला आणि त्याच्याच सावलीत तो काही काळ कोमेजलाही. त्याचे नाव जो डेव्हिस.

डेव्हिस यांचा जन्म १५ एप्रिल १९०१ रोजी इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील व्हिटवेल या गावी झाला. वडील कोळशाच्या खाणीत काम करीत. पुढे त्यांनी खाण सोडली आणि चेस्टरफील्डजवळ एक पब चालवायला घेतला. त्या पबमध्ये बिलियर्ड्‌सचे पूर्ण मापाचे टेबल होते आणि मुलाचे आयुष्य त्या टेबलानेच ठरवले. उजव्या डोळ्याने त्यांना नीट दिसत नसे. म्हणून नेम धरताना त्यांची काठी हनुवटीच्या मध्याखालून न जाता डाव्या बाजूने सरकत असे. या उणिवेशी जुळवून घेतच त्यांनी आपली शैली घडवली. बाराव्या वर्षी त्यांनी बिलियर्ड्‌समध्ये शतकी ब्रेक केला आणि १९१९ मध्ये, अठराव्या वर्षी, ते व्यावसायिक खेळाडू झाले.

त्या काळी प्रतिष्ठा होती ती तीन चेंडूंच्या बिलियर्ड्‌सला. स्नूकर हे त्याचे धाकटे आणि काहीसे थट्टेवारी नेले जाणारे भावंड. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने तो खेळ रचला, उटीच्या क्लबात त्याचे नियम रुळले आणि तेथून तो विलायतेला पोहोचला. इंग्लंडमध्ये बिलियर्ड्‌सचा मुख्य सामना आटोपल्यावर उरलेला वेळ भरून काढण्यापुरता तो खेळला जाई. मात्र सभागृहे चालवताना डेव्हिस यांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. सामान्य गिऱ्हाईक पैसे मोजून जो खेळ खेळायला मागत होते, तो स्नूकर होता.

म्हणून त्यांनी बिलियर्ड्‌सच्या नियामक संस्थेकडे व्यावसायिक स्नूकर अजिंक्यपदाची स्पर्धा भरवण्याचा आग्रह धरला. संस्थेने फारशा उत्साहाविना संमती दिली. १९२६ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला सामना झाला. मे १९२७ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॅमकिन्स हॉलमध्ये झालेल्या अंतिम लढतीत डेव्हिस यांनी टॉम डेनिस यांना २०–११ असे हरवले. पहिल्या विश्वविजेत्याच्या पदरात पडले अवघे ६ पौंड १० शिलिंग. त्या वेळचा करंडक आजही विश्वविजेत्याला दिला जातो.

पुढची वर्षे सोपी नव्हती. १९३१ मध्ये तर अजिंक्यपदासाठी डेव्हिस आणि डेनिस अशा दोनच प्रवेशिका आल्या. स्पर्धा टिकली ती मुख्यतः डेव्हिस यांच्या चिकाटीमुळे, आणि त्यांनी खेळाला दिलेल्या नव्या शास्त्रामुळे. त्यांच्या आधीचे खेळाडू समोर दिसेल तो चेंडू खिशात घालण्यावर भर देत. डेव्हिस यांनी बिलियर्ड्‌समधील पांढऱ्या चेंडूवरचे नियंत्रण स्नूकरमध्ये आणले. हा फटका मारताना पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू कोठे थांबावा, हे आधीच ठरवायचे. काळ्या चेंडूच्या आसपास राहून लाल-काळा, लाल-काळा अशी गुणांची माळ ओवायची. आजचा प्रत्येक व्यावसायिक याच वाटेने जातो.

बिलियर्ड्‌सचेही जगज्जेतेपद त्यांनी चार वेळा मिळवले. त्याच खेळाने त्यांना एक धडा दिला. जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये ऑस्ट्रेलियाचे वॉल्टर लिंड्रम यांनी त्यांच्याविरुद्ध ४,१३७ गुणांचा विश्वविक्रमी ब्रेक केला. सुमारे तीन तास डेव्हिस खुर्चीत बसून होते. लिंड्रम यांच्या हातात बिलियर्ड्‌स इतके परिपूर्ण झाले की त्यातली चुरसच संपली. १९३४ नंतर त्या खेळाचे व्यावसायिक जगज्जेतेपद १९५१ पर्यंत लढवलेच गेले नाही. एखादा माणूस अजिंक्य झाला की खेळाचे काय होते, हे डेव्हिस यांनी अगदी जवळून पाहिले होते.

पुढे स्नूकरमध्ये त्याच जागी ते स्वतः येऊन बसले. १९२७ ते १९४० या काळात विश्वविजेतेपद एकदाही त्यांच्या हातून गेले नाही. १९४० च्या अंतिम लढतीत समोर त्यांचा बारा वर्षांनी धाकटा भाऊ फ्रेड होता. ती लढत थोरल्याने ३७–३६ अशी, केवळ एका फ्रेमने जिंकली. युद्धामुळे पडलेल्या खंडानंतर १९४६ मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये, दोन आठवडे चाललेल्या लढतीत त्यांनी हॉरेस लिंड्रम यांना ७८–६७ असे नमवले. हे त्यांचे पंधरावे विजेतेपद. त्यानंतर, अपराजित असतानाच, त्यांनी अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून निवृत्ती जाहीर केली.

निवृत्ती केवळ त्या स्पर्धेपुरती होती, खेळ त्यांनी थांबवला नाही. प्रदर्शनीय सामने, मोठ्या रकमेच्या लढती आणि मुख्य म्हणजे निमंत्रितांच्या स्पर्धा ते खेळतच राहिले. १९४९-५० च्या हंगामात 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राने आपल्या नावाची निमंत्रितांची स्पर्धा सुरू केली. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे आणि बलवानाने दुबळ्याला प्रत्येक फ्रेममध्ये ठरावीक गुणांची सूट द्यायची, अशी तिची रचना होती. इतरांना सूट देऊनही पहिली स्पर्धा डेव्हिस यांनीच जिंकली आणि पुढे आणखी दोनदा. प्रेक्षकांना हेच पाहायचे होते. पण याचा दुसरा अर्थ असा की विश्वविजेता कोणीही असो, त्याच्याहून श्रेष्ठ माणूस बाहेर बसला आहे, हे साऱ्यांना माहीत होते. फ्रेड डेव्हिस आणि वॉल्टर डोनाल्डसन यांनी या वर्षांत जिंकलेल्या जगज्जेतेपदांचे तेज त्यामुळे उणेच राहिले. बरोबरीने, म्हणजे कोणतीही सूट न घेता, डेव्हिस यांना हरवणारा एकच खेळाडू निघाला, तो त्यांचा धाकटा भाऊ. तोही केवळ चार वेळा.

सत्ताही त्यांच्याच हाती एकवटली होती. ते व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. युद्धातील बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेला थर्स्टन्स हॉल १९४७ मध्ये लेस्टर स्क्वेअर हॉल या नावाने पुन्हा उघडला, तेव्हा तो चालवणाऱ्या भागीदारांतही ते होते. खेळाडू, पुढारी आणि यजमान या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या. १९५२ मध्ये खेळाडूंचे नियामक संस्थेशी बिनसले आणि त्यांनी आपली वेगळी स्पर्धा काढली. संस्थेच्या अधिकृत अजिंक्यपदासाठी त्या वर्षी दोनच खेळाडू उरले. रेक्स विल्यम्स १९५१ मध्ये व्यावसायिक झाले; त्यानंतर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्या रक्ताची आवक जवळजवळ थांबली. मोजक्याच निमंत्रितांमध्ये तेच ते सामने होत राहिले आणि प्रेक्षक पांगू लागले.

२२ जानेवारी १९५५ रोजी लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये विली स्मिथ यांच्याविरुद्ध डेव्हिस यांनी १४७ गुणांचा परिपूर्ण ब्रेक केला. पंधराही लाल चेंडू, प्रत्येकासोबत काळा, आणि मग सारे रंगीत चेंडू. अधिकृत नोंदीतला हा पहिला १४७. परंतु संस्थेच्या नियमांनुसार सामना खेळला गेला नव्हता, म्हणून तिने त्या विक्रमाला मान्यता द्यायला १९५७ साल उजाडू दिले. त्याच १९५५ साली ते सभागृहही बंद पडले.

१९५७ नंतर व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत सात वर्षे झालीच नाही. डेव्हिस यांनी १९५९ मध्ये नारिंगी आणि जांभळा असे दोन चेंडू वाढवून 'स्नूकर प्लस' हा नवा प्रकार काढला. तो लोकांना रुचला नाही. १९६३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ओ.बी.ई. किताब दिला आणि १९६४ मध्ये त्यांनी स्पर्धात्मक खेळाचा निरोप घेतला. त्याच वर्षी जगज्जेतेपदाच्या लढती पुन्हा सुरू झाल्या, हा योगायोग बोलका आहे. १९६९ पासून रंगीत दूरचित्रवाणीने खेळाला घरोघर नेले आणि १९७५ मध्ये 'मास्टर्स' सुरू झाली.

डेव्हिस यांना हा बहर पाहायला मिळाला. १९७८ च्या वसंतात, शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात, ६४ वर्षांचा फ्रेड जगज्जेतेपदाच्या उपांत्य फेरीत पेरी मान्स यांच्याशी झुंजत होता. अर्ध्या शतकापूर्वी ज्यांनी ही स्पर्धा उभी केली, ते थोरले बंधू त्या दिवशी प्रेक्षकांत बसून धाकट्याचा प्रत्येक चेंडू डोळ्यांनी ढकलत होते. सामना पाहता पाहताच त्यांची प्रकृती बिघडली. फ्रेड १८–१६ असा हरला. मोठ्या शस्त्रक्रियेतून डेव्हिस वाचले, परंतु प्रकृती सावरत असतानाच छातीत संसर्ग झाला आणि १० जुलै १९७८ रोजी हॅम्पशरमध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्यभर टेबलापाशी उभे राहून निकाल ठरवणाऱ्या या माणसाला त्या शेवटच्या सामन्यात, भावासाठीदेखील, केवळ पाहत बसावे लागले.