विश्लेषण : ‘चांगल्या जिवाणूं’च्या शोधात आयुष्य घालवणारे मेचनिकोव्ह... दह्याबाबतचा त्यांचा दावा किती खरा ठरला?

‘गट हेल्थ’, ‘प्रोबायोटिक’, ‘आतड्यांतील चांगले जिवाणू’ हे शब्द आता डॉक्टरांच्या दवाखान्यापासून किराणा दुकानातील फ्रिजपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. त्यांचे मूळ शोधत गेल्यास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका प्राणिशास्त्रज्ञापाशी पोहोचावे लागते. इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे नाव. त्यांना नोबेल मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी, पण घराघरांत त्यांचे नाव पोहोचले ते आंबट दुधामुळे. त्यांचे काय बरोबर ठरले, काय चुकले आणि आज पोटाच्या तक्रारी घेऊन आहारतज्ज्ञाकडे जाणाऱ्याने त्यातून काय घ्यावे?

मेचनिकोव्ह कोण होते?

मेचनिकोव्ह यांचा जन्म 1845 मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील, म्हणजे आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या खेड्यात झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. तिशीच्या आतच ते ओडेसा येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

घरात मात्र आजारपण होते. पहिली पत्नी ल्युडमिला यांना लग्नाआधीपासूनच क्षयरोग होता. 1869 मध्ये विवाह झाला तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले होते. 1873 मध्ये त्यांचे निधन झाले. खचलेल्या मेचनिकोव्ह यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, पण ते वाचले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा यांना विषमज्वर झाला, त्या काळात पुन्हा असाच प्रसंग आला आणि तेव्हाही ते बचावले. एकेकाळी जगणे नकोसे झालेल्या या माणसाने पुढे निरोगी दीर्घायुष्य हा अभ्यासाचा विषय केला. वार्धक्याच्या शास्त्राला ‘जेरोंटॉलॉजी’ हे नावही त्यांनीच दिले.

नोबेल कशासाठी?

ओडेसातील राजकीय वातावरणाला कंटाळून 1882 मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि ते सिसिलीतील मेसिना या बंदरगावी गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असताना ते सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहत होते. शरीरात काही घुसले तर फिरत्या पेशी तिकडे धावून जात असतील का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी बागेतील काटे आणून अळ्यांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला दिसला.

जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींचा, म्हणजे ‘फॅगोसाइट’चा सिद्धान्त येथून उभा राहिला. त्यासाठी 1908 मध्ये पॉल एर्लिक यांच्यासह त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांचा मुंबईशी संबंध कोणता?

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचे नाव आहे, ते वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. मेचनिकोव्ह 1888 पासून पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागले. त्यांच्यामुळे हाफकिन यांनाही तेथे प्रवेश मिळाला, तोही सुरुवातीला ग्रंथालयातील कामावर. तेथेच हाफकिन यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. पुढे मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी प्लेगची लस बनवली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली.

आतड्यांकडे लक्ष कसे वळले?

पटकीमुळेच. 1892 मध्ये फ्रान्समध्ये पटकीची साथ आली. एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्यांपैकी काही दगावतात आणि काहींना काहीच होत नाही, असे का, हा प्रश्न होता. मेचनिकोव्ह यांनी पटकीच्या जंतूंचे द्रावण स्वतः प्यायले. त्यांना काही झाले नाही. एका स्वयंसेवकालाही काही झाले नाही. दुसऱ्या एकाच्या मात्र जीवावर बेतले आणि तो कसाबसा वाचला. अशा प्रयोगाला आज कोणतीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही.

जंतू तेच असूनही परिणाम इतका वेगळा झाला. याचे उत्तर आतड्यांत आधीपासून वस्तीला असलेल्या इतर जिवाणूंमध्ये असावे, असा तर्क त्यांनी केला. काही जिवाणू रोगजंतूंना वाव देतात, काही त्यांना रोखतात. आजच्या ‘मायक्रोबायोम’ संशोधनाच्या मुळाशी असलेली ही कल्पना त्या वेळी नवीन होती.

त्यांचा सिद्धान्त काय होता?

मोठ्या आतड्यात अन्नातील प्रथिने कुजतात, त्यातून फेनॉल, इंडोल यांसारखी द्रव्ये तयार होतात, ती रक्तात शोषली जातात आणि माणूस वेळेआधी म्हातारा होतो, असे मेचनिकोव्ह मानू लागले. मोठे आतडे लहान असलेले पोपटासारखे पक्षी दीर्घकाळ जगतात, हे उदाहरण ते देत. 1903 आणि 1907 मधील त्यांच्या दोन पुस्तकांत ही मांडणी आहे.

मग उपाय काय? दूध आंबले की सहसा कुजत नाही, कारण लॅक्टिक आम्ल कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाही. तेच आम्ल तयार करणारे जिवाणू आतड्यात पोहोचवले तर? बल्गेरियातील दही खाणारे शेतकरी शंभरी गाठतात, अशी माहिती त्यांच्याकडे आली होती. 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हा येथे त्या दह्यातील दंडाकृती जिवाणू वेगळा केला. मेचनिकोव्ह यांना आपल्या तर्काला आधार मिळाल्यासारखे वाटले.

ते स्वतः रोज आंबट दूध पीत. मद्य आणि तंबाखूपासून लांब राहत. जंतूंच्या धास्तीने कच्चे काहीही खात नसत, फळेसुद्धा उकळत्या पाण्यात बुडवून घेत.

दाव्याचा बाजार कसा झाला?

1904 मध्ये पॅरिसमधील व्याख्यानात मेचनिकोव्ह यांनी वार्धक्य आणि आंबट दूध यांची सांगड घातली. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. युरोप आणि अमेरिकेत जिवाणूंच्या गोळ्या, पावडरी आणि विरजणे विकली जाऊ लागली. आंबट दूध हा सर्व रोगांवरचा इलाज असल्याचा आपला दावा नाही, हे त्यांना वेगळे लिहून सांगावे लागले. त्याने मागणी कमी झाली नाही.

याचे गंभीर टोक लंडनमध्ये दिसले. आर्बथनॉट लेन या नामवंत शल्यचिकित्सकांनी बद्धकोष्ठतेच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. काही रुग्ण त्यात दगावले. आतड्यातून शरीरात विष भिनते, ही कल्पना पुढे वैद्यकशास्त्राने मागे टाकली. आजच्या ‘कोलन क्लिन्झ’ आणि ‘डिटॉक्स’च्या जाहिरातींत मात्र ती अजून शिल्लक आहे.

अखेर काय झाले?

पहिले महायुद्ध सुरू असताना हृदयविकाराने मेचनिकोव्ह खंगत गेले. अखेरच्या दिवसांतही ते स्वतःच्या शरीराकडे प्रयोग म्हणूनच पाहत होते. आपले शवविच्छेदन करताना आतडी नीट तपासावीत, अशी विनंती त्यांनी सहकारी डॉक्टरांना केली. जुलै 1916 मध्ये, वयाच्या 71व्या वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

शंभरी गाठण्याचा मार्ग सांगणारा माणूस सत्तरीतच गेल्याने टीकाकारांना आयते कारण मिळाले. पण एका माणसाचे वय हा सिद्धान्ताच्या बाजूने पुरावा होत नाही, तसा तो विरोधातही होत नाही. शंभरी गाठलेल्या बल्गेरियन शेतकऱ्यांची उदाहरणेही याच कारणाने अपुरी होती. त्यांचे कष्ट, हवा, बाकीचा आहार यांचा वाटा किती, हे त्यातून कळत नव्हते.

काय टिकले, काय टिकले नाही?

1920च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठाचे लिओ रेटगर यांनी दाखवले, की बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नाही. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हेही चुकीचे ठरले. पचन न झालेले तंतुमय पदार्थ तेथेच जिवाणूंच्या उपयोगी पडतात आणि त्यातून तयार होणारी काही आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. म्हणजे कच्च्या भाज्या-फळांना घाबरणारे मेचनिकोव्ह तंतूंच्या बाबतीत उलट दिशेने गेले होते.

टिकला तो त्यांचा मूळ प्रश्न. आतड्यातील जिवाणू आरोग्यावर परिणाम करतात आणि आहाराने त्यांच्यात बदल होतो, हे आता मान्य आहे. 2021 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 36 निरोगी प्रौढ सहभागी होते. त्यातील ज्यांनी 10 आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातील दाहाची काही लक्षणे कमी झाली. अभ्यास लहान आहे, पण मेचनिकोव्ह यांच्या दिशेचा आहे. दूध न पचणाऱ्या अनेकांना दही पचते, याचाही पुरावा चांगला आहे.

प्रोबायोटिक गोळ्यांचे चित्र वेगळे आहे. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये पुरावे तपासून सांगितले, की पचनाच्या बहुतेक विकारांत त्या सरसकट देण्याइतका आधार नाही. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे घरागणिक बदलते. त्यामुळे घरचे दही चांगले अन्न असले तरी ते औषध नव्हे.

आहारतज्ज्ञाकडे जाताना काय लक्षात ठेवावे?

मेचनिकोव्ह यांच्या पटकीच्या प्रयोगाने दाखवले होते, की एकच गोष्ट दोघांच्या पोटात वेगळी वागते. दीर्घायुष्याचा उपाय सांगताना मात्र ते सर्वांसाठी एकाच जिवाणूवर थांबले. चांगला आहारतज्ज्ञ ही चूक टाळतो. तो आधी आजारांचा इतिहास आणि चालू औषधे विचारतो. एक-दोन आठवडे काय खाल्ले, कधी त्रास झाला, झोप कशी लागली, याची नोंद ठेवायला सांगतो. मग एका वेळी एकच बदल करतो, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी रोज किमान 400 ग्रॅम भाज्या-फळे आणि 25 ग्रॅम तंतुमय घटक घ्यावेत. सवय नसेल तर हे प्रमाण हळूहळू आणि पुरेशा पाण्यासोबत वाढवावे लागते, नाहीतर पोट फुगते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘लो-फॉडमॅप’ आहारात काही पदार्थ थोड्या काळासाठी बंद करून एकेक परत सुरू केले जातात. ते कायमचे पथ्य नाही आणि ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचे असते.

शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे जुलाब अशी लक्षणे असल्यास आहार बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी प्रोबायोटिक गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि पहिल्याच भेटीत एकच पावडर सर्वांना विकणारा सल्लागार भेटला, तर 1904 नंतरचा पॅरिसचा बाजार आठवावा.