टेलर, पट्टा आणि बॉयलर

इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला फ्रेडरिक टेलर हमखास येतो. स्टॉपवॉच, टाइम स्टडी, चार मुद्दे लिहिले की मार्क्स मिळतात. मला मात्र टेलर आवडला तो वेगळ्याच कारणासाठी. मेंटेनन्सवर पैसे खर्च करणं परवडतं, हे त्याने नुसतं सांगितलं नाही, हिशोब मांडून दाखवलं.

टेलरचा जन्म 1856 चा, फिलाडेल्फियातल्या सधन घरातला. हार्वर्डची प्रवेश परीक्षा तो पास झाला, पण डोळ्यांच्या त्रासामुळे तिकडे गेलाच नाही. पंपाच्या कारखान्यात त्याने चक्क उमेदवारी केली. 1878 मध्ये मिडव्हेल स्टील कंपनीत साधा कामगार म्हणून लागला. नोकरी सांभाळून 1883 मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची मेकॅनिकलची डिग्री मिळवली आणि मिडव्हेलमध्येच चीफ इंजिनिअर झाला.

त्या काळी प्रत्येक मशीनला स्वतंत्र मोटर नसे. वरच्या लांब शाफ्टवरून चामड्याच्या पट्ट्यांनी मशीन्स फिरत. पट्टा ढिला झाला की मशीन बंद आणि कामगार रिकामा. टेलरने नऊ वर्षं पट्ट्यांच्या नोंदी ठेवल्या आणि 1893 मध्ये त्यावर पेपर वाचला. त्याचं म्हणणं सरळ होतं. पट्ट्यावर नेहमीपेक्षा कमी लोड ठेवा. त्यासाठी मोठा पट्टा लागतो, तो आधी महाग पडतो. पण दुरुस्ती आणि वाया गेलेला वेळ धरला, तर शेवटी तोच स्वस्त.

बॉयलरची गोष्ट तर भारीच आहे. बॉयलर साफ कसा करायचा, हे नीट सांगणारं कुणी भेटेना, म्हणून हा स्वतःच आत शिरला. अवघडून बसल्यामुळेच वेळ जातो, हे लक्षात आल्यावर त्याने गुडघ्या-कोपरांना बांधायच्या गाद्या आणि वेगळी हत्यारं करून घेतली, सगळ्या सूचना कागदावर उतरवल्या. लोक हसले. पण 300 हॉर्सपॉवरच्या बॉयलर्सचा एक संच साफ करायचा खर्च 62 डॉलरवरून 11 डॉलरवर आला!

त्याची दुसरी बाजूही आहे. 1911 मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉच लावल्यावर कामगारांनी संप केला. अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे टेलरला उत्तरं द्यावी लागली. 1915 मध्ये तो गेला, तोवर कामगार संघटनांचा राग शमला नव्हता. बॉयलरच्या हिशोबात त्याने माणसाचे गुडघेही धरले होते. घड्याळ लावताना ते सुटले, असं मला वाटतं.

उद्या आपण कुठल्यातरी प्लांटमध्ये असू. मशीन बिघडेल हो, असं म्हणून कुणी बजेट देणार नाही. बंद पडलेल्या तासांची वही दाखवावी लागेल. आणि ती वही केबिनमध्ये बसून लिहिता येत नाही, मित्रांनो!