महाराणी येसूबाई

शिवाजी महाराज, जिजामाता, संभाजी महाराज ही नावे आमच्या घरोघरी मुलांच्या तोंडी असतात. येसूबाईंचे नाव मात्र आम्ही क्वचितच घेतो. म्हणून आज त्यांची थोडी ओळख करून घेऊ.

कोकणात संगमेश्वरजवळ शृंगारपूर आहे. तेथे सुर्व्यांचा अंमल होता व पिलाजीराव शिर्के हे त्यांच्या पदरचे मातबर गृहस्थ होते. १६६१ साली शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतले, सुर्वे पळाले. शिर्क्यांना मात्र महाराजांनी सोयरे करून घेतले. आपली मुलगी राजकुंवर पिलाजीरावांच्या गणोजीला दिली आणि पिलाजीरावांची येसूबाई संभाजीराजांसाठी सून करून आणली. कालचे शत्रू आज व्याही झाले. या साटेलोट्यात त्या लहान मुलीला कोण विचारणार?

पण संसार चांगला झाला. १६८० साली महाराज वारले, पुढच्या वर्षी संभाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. महाराज मोहिमांवर असताना कारभार पाहण्याचा अधिकार त्यांनी येसूबाईंना दिला होता व त्यांच्या नावाचा शिक्काही चालत असे. १६८२ साली पुत्र शाहूचा जन्म झाला.

इकडे माहेर दुरावत चालले होते. शिर्क्यांना वतन हवे होते आणि नवी वतने न देण्याचे छत्रपतींचे धोरण होते. शेवटी शिर्के मोगलांना मिळाले. १६८८ साली खुद्द संभाजी महाराजांनाच शिर्क्यांवर चालून जावे लागले. १६८९ च्या फेब्रुवारीत मोगलांनी महाराजांना संगमेश्वरी पकडले, येसूबाईंच्या माहेरच्या मुलखातच. मार्च महिन्यात औरंगजेबाने त्यांना हालहाल करून मारले.

ज्या तहासाठी लग्न झाले तो तह असा मोडला. रायगडाला मोगलांचा वेढा पडलेला. येसूबाईंचा मुलगा सात वर्षांचा, गादीचा वारस. दीर राजाराम एकोणीस वर्षांचे. हे राजाराम सोयराबाईंचे पुत्र. १६८० साली संभाजीराजांना डावलून याच राजारामांना गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला होता. तो सल मनात धरला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु येसूबाईंनी राज्य राजारामांच्या हाती दिले, त्यांना गडाबाहेर सुखरूप जाऊ दिले आणि स्वतः लेकरासह गडावर राहिल्या. राजाराम पुढे जिंजीला पोहोचले व लढा चालू राहिला.

नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. मायलेकरे औरंगजेबाच्या छावणीत कैद झाली. १७०७ साली औरंगजेब मेल्यावर शाहूंची सुटका झाली, पण आईला ओलीस ठेवून घेतले. पेशवे बाळाजी विश्वनाथ सैन्य घेऊन दिल्लीस गेले व स्वराज्य, चौथाई, सरदेशमुखीच्या सनदा मिळवून परतले, त्यांच्याबरोबर १७१९ साली येसूबाई साताऱ्यास आल्या. तीस वर्षे कैदेत गेली होती. सातव्या वर्षी आईसह कैद झालेला शाहू आता सदतीस वर्षांचा छत्रपती होता.

शिर्क्यांनी नाते वतनाशी तोलले. त्याच घरची मुलगी, राजकारणाच्या सोयीसाठी दिलेली, दिल्या घरचे राज्य राखून गेली. आमच्या मुलींना पराक्रमाच्या गोष्टी सांगताना ही गोष्टही आवर्जून सांगावी, असे आम्हांस वाटते.