थिबा राजाच्या समाधीकडे वळताना

रत्नागिरीला गेलेला पर्यटक थिबा राजवाडा पाहतो, तेथून भाट्याची खाडी न्याहाळतो, आंब्याची पेटी घेतो आणि गणपतीपुळ्याचा रस्ता धरतो. ज्याच्या नावाने हा वाडा ओळखला जातो, तो ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा याच शहराच्या शिवाजीनगर भागात मातीआड विसावला आहे, हे फार थोड्यांच्या गावी असते. कोकण रेल्वेने रत्नागिरीचा बेत आखणाऱ्यांनी म्हणूनच एक सकाळ या समाधीसाठी राखून ठेवावी.

थिबाचा जन्म १८५९चा. मिंडन राजाच्या अनेक पुत्रांपैकी तो एक. पोथ्यांत रमणाऱ्या या राजपुत्राने मठात राहून बौद्ध धर्मग्रंथांचे अध्ययन केले होते. १८७८ मध्ये मिंडनचा मृत्यू झाला आणि दरबारी कारस्थानांतून हा विशीतला तरुण मंडालेच्या गादीवर बसला. पाठोपाठ, १८७९ मध्ये, राजघराण्यातील सुमारे ऐंशी जणांची कत्तल झाली. तिचा सूत्रधार कोण, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पट्टराणी सुपयालत हिच्याकडेही बोट दाखवले जाते. मात्र राजा म्हणून थिबा त्या रक्तपाताच्या जबाबदारीतून सुटत नाही. त्याच्या पुढच्या हालांबद्दल हळहळताना हे विसरून चालणार नाही.

त्याचे राज्य बुडण्यास निमित्त झाले ते सागवानाचे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीला त्याच्या दरबाराने लाकडाच्या व्यवहारात मोठा दंड ठोठावला. फ्रेंचांशी त्याच्या वाढत्या सलगीमुळे इंग्रज आधीच अस्वस्थ होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत युद्ध आटोपले आणि राजा-राणीला प्रजेच्या डोळ्यांदेखत नदीकाठी नेऊन बोटीत बसवण्यात आले. प्रथम मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी! ज्या मुंबई इलाख्यातल्या कंपनीपायी राज्य गेले, त्याच इलाख्यात राजा कैदी झाला.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्यानंतरची तीस वर्षे त्याने पहाऱ्यात, सरकारी तनख्यावर आणि सोबत आणलेली जडजवाहिरे एकेक करून विकत काढली. आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. म्हणजे राजा तेथे जेमतेम सहा वर्षे राहिला! १९१२ मध्ये धाकटी राणी गेली आणि डिसेंबर १९१६ मध्ये थिबानेही देह ठेवला.

खरी शोकांतिका यापुढची. पार्थिव मायदेशी नेऊ द्यावे, ही सुपयालतची मागणी इंग्रजांनी मान्य केली नाही. मेलेल्या राजाभोवतीही प्रजा एकवटेल, अशी धास्ती त्यांना होती. अखेर १९१९ मध्ये थिबा आणि धाकटी राणी या दोघांच्या शवपेट्या रत्नागिरीतच पुरण्यात आल्या आणि त्याच वर्षी सुपयालतला मुलींसह रंगूनला परतण्याची परवानगी मिळाली. ती १९२५ मध्ये वारली. तिची समाधी श्वेडागॉन पॅगोड्याजवळ आहे आणि त्याच परिसरात, इंग्रजांनी उलट दिशेने हद्दपार केलेल्या बहादूरशहा जफरची कबर. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्यावरच्या एका मराठी नोकरावर तिचा जीव जडला होता. त्यांची कन्या टूटू हिचे आयुष्य रत्नागिरीतच गरिबीत गेले.

समाधीपाशी भव्यतेची अपेक्षा ठेवून जाऊ नये. बांधकाम साधे आहे, सभोवती वस्ती आहे. राजवाड्याला साप्ताहिक सुटी असते, तेव्हा वार आधी विचारून घ्यावा. पावसाळा टाळून डिसेंबर निवडला तर हवा सुखद असते आणि राजाच्या स्मृतीचा महिनाही तोच. २०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन येथे येऊन गेले. २०१६ मध्ये मृत्यूच्या शताब्दीला थिबाचे वंशज येथे जमले आणि भिक्खूंच्या उपस्थितीत विधी झाले. अस्थी परत नेण्याची चर्चा अधूनमधून होते. समाधी मात्र आजही रत्नागिरीतच आहे.