लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

मृग लागला कीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत औताचे नटबोल्ट गंजूं लागतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टास मात्र गंज लवकर शिवत नाहीं. विजेनें मुलामा देण्याच्या या कलेस ज्यानें गणिताचा पाया घातला, त्या मायकेल फॅरडेचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरतें झालें. चौदाव्या वर्षीं तो पुस्तकें बांधणाराकडे उमेदवारी करूं लागला व बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूं लागला. १८१२ मध्यें त्यानें हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाचीं व्याख्यानें ऐकलीं, त्यांचीं टिपणें स्वतः बांधलीं व डेव्हीस पाठविलीं. १८१३ मध्यें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें साहाय्यकाची जागा मिळाली.

विजेमुळें द्रावणांतून निघणारा धातु वाहिलेल्या विजेच्या प्रमाणांतच असतो, हें त्यानें १८३३-३४ मध्यें सिद्ध केलें. जस्तक्षाराच्या द्रावणांत स्वच्छ केलेला बोल्ट ऋण टोकास व जस्ताची पट्टी धन टोकास जोडून एक अँपिअर प्रवाह तासभर सोडला, तर बोल्टावर फार तर १.२ ग्रॅम जस्त बसतें. घरच्या लहान कारखान्यांतही हाच हिशेब चालतो. पुढें मुलाम्यास ओरखडा पडला, तरी जस्त आपण झिजून लोखंडास वांचवितें.

२५ ऑगस्ट १८६७ रोजीं फॅरडे निवर्तला. ज्या घरीं भाता आहे, तेथील मुलानें शास्त्र आपलें नव्हे असें समजूं नये, व पालकांनींही त्याचें पुस्तक लवकर मिटूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.