पंडिता रमाबाई : शिकवायचे कशासाठी?



दहावी झाल्यावर मुलीला आणखी कशाला शिकवायचे, असे भाज्यातील एका बाबांनी मध्यंतरी मला विचारले. सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान त्या वेळी फारसे उपयोगी पडले नाही. मग मी त्यांना पंडिता रमाबाईंविषयी सांगितले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. रमाबाई आईकडूनच शिकल्या. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरले. दुष्काळात आईवडील गेले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली विवाह झाला, १८८२ साली पती वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो अँग्लिकन पंथात. ज्या सिस्टरांनी त्यांना शिकवले त्यांच्याशीही त्या वाद घालत. स्वतःच्या बुद्धीला पटल्याशिवाय त्या कोणतीही शिकवण मान्य करीत नसत. धर्मगुरू म्हणून हे वाचताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. पण असा विद्यार्थी मिळणे हे शिक्षकाचे भाग्यच. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. मूल खेळातून आणि हातांनी शिकते, हा विचार त्यांनी सोबत आणला.

१८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, बालविधवा. १८९० साली सदन पुण्यास गेले. मुंबई-पुण्याचा तो लोहमार्ग आपल्या मळवलीवरूनच जातो.

सदनात धर्मांतराचा आग्रह धरायचा नाही, असे ठरले होते. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. चूक कोणाची? पालकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. जिचे जेवण आणि छप्पर शिक्षिकेच्या हाती आहे, ती मुलगी खरोखर मोकळेपणाने निर्णय घेऊ शकते का? आणि दार लावून घेतले असते, तर जे मनापासून मानतो ते लपवावे, असा धडा मुलींना मिळाला असता. आपल्या धर्मशिक्षण वर्गातही हा पेच मला पडतो. गोदूबाई मात्र ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केला आणि पुढे कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी निधी गोळा करीत त्या गावोगाव फिरल्या. सदनात त्या काय शिकल्या, हे मला यावरून कळते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकवले जाई. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेल्या बायबलचे खिळे त्या मुलींनीच जुळवले. मनोरमाबाई १९२१ साली गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी.

बाबा सगळे ऐकून घेऊन गेले. होकार अजून आलेला नाही. मुलगी मात्र रविवारी मिस्सानंतर मला भेटली आणि केडगावला कोणती गाडी जाते, असे विचारू लागली. पुण्याहून दौंडच्या गाडीने जाता येते, असे मी तिला सांगितले आहे.